गंगाजळी आणि कणगी

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला अर्थपरिवर्तन शिकवताना आम्ही गेली कित्येक वर्षे ‘गंगाजळी’ हा शब्द फळ्यावर लिहीत आलो आहोत. गंगाजळी म्हणजे मुळात गंगेचे पाणी ठेवण्याचे पात्र. काशीला जाऊन आलेले लोक तांब्याच्या लहानशा गडूत गंगोदक भरून, तोंडाला डाख देऊन ते घरी आणत. गडू देवघरात वर्षानुवर्षे तसाच राही. घरातल्या कोणाचा अंतकाळ जवळ आला की तो फोडायचा आणि दोन थेंब मुखात घालायचे. पुढे हाच शब्द शिलकीत टाकलेल्या पैशाला लागू झाला, आणि आज वर्तमानपत्रे परकीय चलनाच्या गंगाजळीविषयी लिहितात तेव्हा त्या गडूची आठवण कोणालाही होत नाही. अर्थविस्ताराचे हे चांगले उदाहरण आहे. विद्यार्थी ते उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात.

शब्दाचा जुना अर्थ पुरता मरत नाही, तो नव्या अर्थाच्या पोटात दबा धरून बसतो, हे मात्र आम्ही वर्गात सांगत नव्हतो. कारण ते आमच्याच लक्षात आले नव्हते. ते आम्ही घरात शिकलो, आणि त्या शिकवणीची फी आम्ही भरली नाही, आमच्या आईने भरली. ती हकीकत सांगावी आणि तिच्या निमित्ताने, घरात अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेला पैसा नेमका कधी खर्च करावा याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एक जण अनुदानित महाविद्यालयात कायम, दुसरा जीव दुसऱ्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवलेल्या तासाचे पैसे, न शिकवलेल्या तासाचे नाहीत, आणि शिकवलेल्याचेही केव्हा मिळतील याचा नेम नाही. २०१२ साली घर घ्यायचे ठरवले तेव्हा तळेगावचे भाव आमच्या आवाक्याबाहेरचे होते. लोकलने दोन स्थानके पुढे सरकलो आणि कान्हे येथे स्थिरावलो. पुण्याहून येताना वडगावनंतर आणि कामशेतच्या अलीकडे हे स्थानक लागते. फाट्यावरून टाकव्याचा रस्ता आंदर मावळात जातो. आई त्याच खोऱ्यातली. जन्म भाताच्या खाचरांत गेला, म्हातारपणी आमच्याबरोबर दुसऱ्या मजल्यावर राहायला आली. आमच्यापैकी एकाची ती जन्मदाती आणि दुसऱ्याची सासू. पण दोघेही ‘आई’ म्हणतो, म्हणून येथेही तसेच म्हणू.

जून २०१३ पासून आम्ही दरमहा अडीच हजार रुपये वेगळे टाकू लागलो. घराचा हप्ता धरून सहा महिन्यांचा खर्च शिलकीत असावा असा हिशोब होता. भाषेच्या माणसांना नाव ठेवल्यावाचून चैन पडत नाही. आम्ही त्या ठेवीला ‘गंगाजळी’ म्हणू लागलो. प्रारंभी विनोदाने, पुढे सवयीने, आणि नंतर, आता कबूल करायला हवे, काहीशा श्रद्धेने. जेवताना विषय निघे. ‘काही झाले तरी गंगाजळीला हात लावायचा नाही,’ हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारले गेले असेल की शेजारच्यांनाही ते पाठ झाले असावे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. लोकल थांबली, वर्ग थांबले, आणि तासिका तत्त्वावरचे मानधन थांबले. गंगाजळी तोवर अडीच लाखांच्या आसपास पोचली होती, म्हणजे ठरवलेले सहा महिने पुरे झाले होते. जिच्यासाठी साठवले ती वेळ दारात उभी होती. आम्ही काय केले? सहकाऱ्यांच्या पतपेढीतून बारा टक्क्यांनी साठ हजारांचे कर्ज काढले. ठेवीवर व्याज सहा टक्क्यांच्या जवळपास मिळत होते. वर्षाला साडेतीन हजारांहून अधिक रुपये आम्ही केवळ एक वाक्य खरे ठेवण्यासाठी मोजले. शिवाय त्याचा अभिमानही वाटला. मित्रांना फोनवर सांगितले, इतके झाले पण गंगाजळी शाबूत आहे.

हे सारे आई ऐकत होती.

येथे थोडे मागे जायला हवे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. दोन दिवसांनी आईने तांदळाच्या डब्यातून एक पुरचुंडी काढून आमच्यापुढे ठेवली. पाचशेच्या पंधरा नोटा होत्या. साडेसात हजार. कधी भाजीतून उरलेले, कधी भावाने दिवाळीला घातलेले, कधी गावाकडचे तांदूळ विकून आलेले. आम्ही हसलो, तिची थट्टा केली, बँकेच्या रांगेत उभे राहून ते पैसे भरले आणि गंगाजळीत मिळवून टाकले. तिलाही तसे सांगितले. ‘आता तुझे पैसे सुरक्षित आहेत, वर व्याजही मिळेल.’ ती काही बोलली नाही. त्या पुरचुंडीचा खरा उपयोग काय होता हे आमच्या ध्यानात यायला पुढे पाच वर्षे लागली. कोणालाही न विचारता खर्च करता येईल असा तिच्याजवळचा तो एकमेव पैसा होता.

२०२१ च्या पावसाळ्यात निवडलेल्या तांदळात खडे राहू लागले. दाराच्या चौकटीला तिचा उजवा खांदा दोनदा आदळला. आम्ही म्हटले, वय झाले. डिसेंबरमध्ये ती जिन्यात पडता पडता वाचली तेव्हा डोळे दाखवायला नेले. काचबिंदू निघाला. या रोगात दुखत नाही, खुपत नाही. दृष्टी कडेकडेने जाते, आणि गेलेली परत येत नाही. मोतीबिंदूसारखे शस्त्रक्रिया करून दिसू लागेल असे यात नसते. उपचार असतो तो उरलेले राखण्यासाठी. उजव्या डोळ्याचे बरेचसे क्षेत्र गेले होते. डावा थेंबांवर राखता येईल, असे सांगण्यात आले. आधी आला असता तर उजव्याचेही आणखी काही वाचले असते, हेही सांगण्यात आले.

परतताना रिक्षात तिला विचारले, कधीपासून कमी दिसत होते? ती म्हणाली, ‘वरीस झालं आसंल.’ मग बोलली का नाहीस? तिने सरळ उत्तर दिले. ‘म्या म्हनलं, ती तुमची गंगाजळी. माझ्या एका डोळ्यापायी कशाला फोडायची?’

पहिल्या वर्षाचा सगळा खर्च, तपासण्या आणि थेंब मिळून, वीस हजारांच्या आत बसला. गंगाजळी फोडायची गरजच नव्हती. तिच्याजवळची ती साडेसात हजारांची पुरचुंडी असती तर पहिल्या तपासणीपुरते ती कोणाला न सांगता कामशेतला किंवा तळेगावला जाऊन आली असती. आम्ही तिचे पैसे सुरक्षित केले होते. इतके सुरक्षित, की तिच्यापासूनही.

त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात पैशाचा विषय निघाला नाही. निघाला तो पुस्तकांच्या वाटेने, कारण आमच्या घरात दुसरी वाट फारशी वापरात नाही.

शिवकालीन कागदपत्रांत १६७१ च्या सुमाराचा एक ठराव आहे. महाराजांनी कुडाळ, राजापूर, दाभोळ, पुणे, कल्याण अशा निरनिराळ्या महालांवर रकमा बसवून सव्वा लाख होनांचा राखीव खजिना उभा करण्याचे ठरवले. त्याचा उपयोग कधी करायचा तेही लिहून ठेवले. मोगलांशी लढाई जुंपली, त्यांनी गडांना वेढे घातले, आणि दुसरीकडून पैसा उभा राहीना, तर गड वाचवण्यासाठी हा पैसा काढावा. एरवी त्याला हात लावू नये. हा ठराव आम्ही पूर्वीही वाचला होता आणि त्यातले ‘एरवी हात लावू नये’ एवढेच लक्षात ठेवले होते. पुन्हा वाचताना दिसले की त्या कागदाचा खरा भर नकारावर नाही. शत्रू कोण, संकट कोणते, वाचवायचे काय, याची नावे त्यात आधीच घेतली आहेत. वेढा पडल्यावर किल्लेदाराला ‘हे संकट पुरेसे मोठे आहे काय’ याचा खल करीत बसावे लागणार नाही, अशी ती व्यवस्था आहे. आमच्या घरातल्या ठरावात फक्त मनाई होती. वेढ्याची व्याख्या नव्हती. साहजिकच प्रत्येक जण आपापले संकट मोजून पाही आणि ते लहान ठरवी. आणि घरात जो स्वतःला सर्वांत लहान मानतो त्याचे संकट सर्वांत लहान ठरते.

दुसरी कथा सर्वांच्या परिचयाची आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बिदरच्या बादशहाचे अधिकारी. दुष्काळात माणसे मरू लागली तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केली. बादशहाने पकडून आणायला शिपाई धाडले, आणि इकडे विठ्ठल विठू महाराच्या रूपाने दरबारात जाऊन धान्याचे मोल भरून आला. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त ही कथा आहे, आणि कीर्तनांतून ती घरोघरी पोचली आहे. कोठार उघडण्याच्या क्षणावर सारे कीर्तनकार रेंगाळतात, आणि ते योग्यच आहे. धान्य भुकेसाठी असते, आणि भूक दारात असताना कुलूप जपणे हा धान्याचाच अपमान होय. आमचे लक्ष मात्र या वेळी एका दुय्यम तपशिलाने वेधून घेतले. विठ्ठलाने बादशहाचा हिशोब पुसून टाकला नाही. त्याने पैसे मोजून दिले आणि पावती घेतली. चमत्काराच्या गोष्टीतसुद्धा कोठार आपोआप भरत नाही. कोणाला तरी ते भरावे लागते, आणि भरल्याची नोंद राहावी लागते. उघडणे आणि भरून काढणे ही एकाच पुण्याची दोन अंगे आहेत, असे त्या कथाकाराला ठाऊक असावे.

राष्ट्राच्या गंगाजळीचीही हीच रीत दिसते. १९९१ च्या मध्याला देशाजवळ जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून चाळीस कोटी डॉलर उभे केले. घरातले सोने सावकाराकडे गेल्याची नामुष्की त्या वेळी लोकांना वाटली होती; आम्ही शाळेत होतो, पण मोठ्या माणसांचा स्वर आठवतो. पुढे २००९ साली भारताने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले. पहिली घटना लाजिरवाणी आणि दुसरी अभिमानाची, असे आपण मानतो. पण सोने तिजोरीत तसेच ठेवून देणी बुडवली असती तर ती लाज अधिक मोठी झाली असती, हे आज शांतपणे पाहता येते.

पुस्तके वाचून झाल्यावर आम्ही आईला विचारले, की गावाकडे तुम्ही काय करत होता? तुमची गंगाजळी कोणती? तिला तो शब्द मुळी पैशाच्या अर्थाने आमच्याकडूनच कळला होता. ती म्हणाली, आमची कणगी होती.

मावळात पीक एकच, भाताचे. दिवाळीच्या आगेमागे झोडणी होऊन भात घरात आले की बांबूच्या, शेणामातीने लिंपलेल्या कणगीत जायचे. वर्षभर त्यातूनच काढून कांडायचे. आषाढ-श्रावणात, लावणीच्या कष्टाच्या दिवसांत, कणगीचा तळ दिसू लागे. त्याचे कोणाला दुःख नसे. कणगीचा तळ दिसायचाच असतो. बियाण्याचे भात मात्र निराळे बांधून माळ्यावर ठेवलेले असे. त्याला भुकेतही हात लावायचा नाही. बी खाल्ले की पुढच्या वर्षी राब भाजून पेरायचे काय? ‘कनगी खायाला, बी पेरायला,’ आई म्हणाली. ‘कनगी हाय म्हनून बी वाचतं.’

दोन पदव्युत्तर पदव्या असलेल्या घरात हे शेवटचे वाक्य ऐकून थोडा वेळ कोणी बोलले नाही. आमची चूक त्या एका वाक्यात उघडी पडली होती. आम्ही कणगीला बी समजलो होतो. जे खाण्यासाठी साठवले ते जपले, आणि जे कोणत्याही परिस्थितीत जपायचे, म्हणजे माणसांचे शरीर, कमावण्याची शक्ती, कर्जावाचून उभे राहण्याची ऐपत, ते खर्ची घातले. पतपेढीचे कर्ज हा त्याचा किरकोळ नमुना. आईचा डोळा हा मोठा.

हा भेद एकदा कळला की आजूबाजूचे पुष्कळ काही निराळे दिसू लागते. २०२० च्या मार्चअखेर सरकारने भविष्यनिर्वाह निधीतून न परतवण्याची उचल घेण्याची मुभा दिली. तीन महिन्यांचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता, किंवा शिलकेच्या ७५ टक्के, यांपैकी जी रक्कम कमी ती काढता येई. चाकणच्या एका कारखान्यात कामाला असलेल्या आमच्या भावाने ती काढली. आम्ही तेव्हा मनातल्या मनात नाक मुरडले होते. म्हातारपणची तरतूद कोणी अशी खाते काय? आज तसे वाटत नाही. ज्याच्याकडे कणगीच नाही त्याला बियाणे खाण्यावाचून गत्यंतर नसते, आणि पोरांच्या ताटात भात पडावा म्हणून बी खाणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार भरल्या कणगीशेजारी उपाशी बसणाऱ्याला तर मुळीच नाही. आमच्यापैकी जो कायम नोकरीत आहे त्याची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणजे जुने निवृत्तिवेतन नाही. दुसऱ्याला तर भविष्यनिर्वाह निधीही नाही. आमचे बी थोडेच आहे. म्हणूनच कणगी वेळेवर उघडणे आम्हांला अधिक भाग आहे.

२०२२ च्या गुढीपाडव्याला आम्ही तिघांनी बसून नवा ठराव लिहिला. मनाईऐवजी त्यात प्रश्न आहेत. हा खर्च आधी ठाऊक होता काय? दिवाळी, लग्नसराई, घरपट्टी, विम्याचा हप्ता ही पंचांगातली संकटे होत. त्यांची सोय वेगळ्या डब्यात करायची, ती कणगीवर लादायची नाहीत. थांबल्याने काही असे जाईल काय, की जे पुढे दुप्पट पैसे मोजूनही परत मिळणार नाही? या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर चर्चा तिथेच संपते, त्याच दिवशी पैसे काढायचे. कणगी राखण्यासाठी अधिक व्याजाचे कर्ज काढावे लागणार आहे काय? तसे असेल तर कणगीच वापरायची. आणि शेवटचा, दामाजीपंतांच्या पावतीचा प्रश्न: ती भरून कशी काढायची? त्याचे उत्तर पैसे काढताना लिहायचे. मात्र उत्तर सापडत नाही म्हणून डोळ्यांचा डॉक्टर थांबवायचा नाही.

ठेवायचे कोठे, याचाही विचार करावा लागला. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा पहिल्याने खातेदारांना अवघे एक हजार रुपये काढता येत होते. पुढे मर्यादा वाढत गेली, आणि फेब्रुवारी २०२० पासून ठेवींचे विमाछत्र एका लाखावरून पाच लाखांवर गेले, हे खरे. पण ज्याच्या घरी त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया होती त्याला छत्राचा उपयोग काय? वेळेला न उघडणारी कणगी ही कणगीच नव्हे. आम्ही रक्कम दोन बँकांत विभागली, एक महिन्याचा खर्च बचत खात्यात मोकळा ठेवला, आणि पाच हजार रुपये रोख आईच्या तांदळाच्या डब्यात ठेवले. त्या पाच हजारांचा हिशोब विचारायचा नाही, हे ठरावाचे पहिले कलम आहे.

तेव्हापासून कणगी चार वेळा पुढे आली. जून २०२३ मध्ये आमच्या दुचाकीचे इंजिन बसले. चौदा हजारांचे काम निघाले. ज्याला तासाचे पैसे मिळतात त्याचा तास बुडाला की भाकरी बुडते. दुपारीच पैसे काढले, तीन महिन्यांत भरले. याबद्दल दुमत झालेच नाही.

लग्नाचा प्रसंग अवघड गेला. नात्यातल्या एका मुलीच्या लग्नासाठी पन्नास हजार मागितले गेले. आमच्याजवळ ठेव आहे हे साऱ्या नातेवाइकांना ठाऊक होते. टाळेबंदीत आम्हीच ते अभिमानाने सांगत सुटलो होतो. ठरावाप्रमाणे उत्तर स्पष्ट होते. लग्न वर्षभर आधी ठरलेले, आणि पैसे हवे होते ते दागिन्याचे वजन वाढवण्यासाठी. आम्ही पगारातून जमले ते दिले आणि कणगीला नाही म्हटले. त्या घराशी वर्षभर बोलणे नव्हते. आजही पहिल्यासारखे नाही. नियम बरोबर होता असे आम्ही मानतो. परंतु तुटलेली जवळीकही पैसे मोजून परत येत नाही, हे या ठिकाणी नोंदवल्यावाचून राहवत नाही.

तिसरा प्रसंग घराबाहेरचा. तृतीय वर्षातली एक विद्यार्थिनी येईनाशी झाली. चौकशी केली तेव्हा कळले, वडिलांना अपघात होऊन ते अंथरुणाला खिळले होते, आणि शुल्क व जाण्यायेण्याचा खर्च मिळून नऊ हजारांसाठी तिचे वर्ष थांबत होते. महिनाअखेर होती, पगारातून निघण्यासारखे नव्हते. आम्ही दोघे दोन दिवस वाद घालीत होतो. एकाचे म्हणणे, ही घराची कणगी आहे, गावाची नव्हे. आज एक, उद्या दहा येतील. दुसऱ्याचे म्हणणे, दामाजीपंत पस्तीस वेळा शिकवले ते कशाला? बोलता बोलता इंद्रायणी आठवली. जी नदी कामशेतवरून येऊन पुढे देहूला जाते, तिच्याच डोहात तुकोबांनी आपली सावकारी खते बुडवली, अशी परंपरा आहे. त्याच परंपरेत असेही सांगतात की सगळी खते त्यांनी बुडवली नाहीत. धाकट्या भावाचा, कान्होबाचा अर्धा वाटा त्याच्या हाती दिला, आणि आपल्या वाट्याचे तेवढे पाण्यात सोडले. उदार व्हायचे ते आपल्या वाट्यापुरते. सामाईक डब्यातून दान करायचे तर डब्याच्या प्रत्येक धन्याला विचारायला हवे. आम्ही तिसऱ्या धनिणीला विचारले.

आईने एकच विचारले. ‘आता दिलं न्हाई तर तिचं वरीस जाईल का?’ जाईल, आम्ही म्हणालो. ‘मंग द्या. लावनीचं पानी थांबत न्हाई.’

पैसे दिले. वहीत ‘उसने’ असे लिहिले नाही, ‘दिले’ असे लिहिले, आणि भरून काढायला सात महिने लागले. मुलगी परीक्षेला बसली, उत्तीर्ण झाली. पुढे काय करते ते आम्हांला माहीत नाही. आम्ही योग्य केले काय, याविषयी आमच्यात आजही एकमत नाही. दुसऱ्या वर्षी तशीच आणखी एक अडचण कानावर आली तेव्हा आम्ही कणगीतून दिले नाही. सहकाऱ्यांकडून वर्गणी काढली. तो मार्ग अधिक बरा होता, आणि पहिल्याच वेळी तो का सुचला नाही याचे उत्तर आमच्याकडे नाही.

चौथा प्रसंग गेल्या हिवाळ्यातला. आईच्या डाव्या, म्हणजे उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला. थेंब रोज रात्री चालूच आहेत. आमच्यापैकी कोणीतरी घड्याळ पाहून घालतो. एका सकाळी, चहा होण्यापूर्वी, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, ‘मला सकाळचं धुरकट दिसाया लागलंय. कनगीतनं काढा आन् मला घेऊन चला.’

दहा वर्षांत तिने पैशाची केलेली ही पहिली मागणी. त्याच दिवशी नेले. शस्त्रक्रिया झाली, त्या डोळ्याला आता बरे दिसते. उजव्या बाजूला आम्ही दोघांपैकी कोणी उभे असले तर मात्र तिला मान वळवावी लागते, आणि ती वळवते तेव्हा आम्ही काही बोलत नाही.

अर्थपरिवर्तनाच्या तासाला आम्ही अजूनही ‘गंगाजळी’ हाच शब्द घेतो. पात्र, पाणी, पैसा, असा क्रम फळ्यावर मांडतो. अलीकडे त्याच्या शेजारी ‘कणगी’ लिहितो, आणि शहरी भागातल्या मुलांना ती म्हणजे काय ते चित्र काढून सांगावे लागते. आमचे चित्र काही चांगले येत नाही. मग आंदर मावळातला एखादा मुलगा उठतो, खडू मागून घेतो आणि नीट काढून दाखवतो.